मधले दात

निसार जमादार गाडीखाली उताणा.
म्हणाला, ताई, आत बसून घ्या,
स्टिअरिंग हलवा थोडंच, डावं-उजवं,
चाक हलाय नको.
चाक न हलवता स्टिअरिंग हलवायचं!
सहा महिने मी दुसरं काय करतेय, मनात म्हटलं.

खालून टक.
मी थांबले. पुन्हा हलवलं. टक.

सत्त्याण्णवची मारुती, एमएच दहा,
बर्फाच्या डब्यात लोकांचं रक्त घेऊन
सांगली ते मिरज, मिरज ते सांगली.
सकाळी साडेसहाला उपाशीपोटी सुई टोचून घेतलेली माणसं
मागच्या सीटवर नळ्यांतून डुचमळत,
आणि पुढं मी, खड्डे पाठ असलेली.

रॅक काढला, पोत्यावर ठेवला, डिझेलनं पुसला.
फाटक्या रबरी बुटाच्या आत
ग्रीस नव्हतंच, चहाच्या चोथ्यासारखं काहीतरी.
निसारनं पान्याचं टोक दातांवरून फिरवलं:
"ह्ये कडंचे बघा. कंपनीतनं आल्यावानी.
आन् ह्ये मधले."
मधले गुळगुळीत,
टाकी गेलेल्या पाट्यासारखे.
"सरळच चालवलीया तुम्ही," म्हणाला.
हे कौतुक होतं का, ते कळेना.

जरा आवळून नाही का भागणार, मी विचारलं.
त्याचा भाऊ तंबोऱ्यांची जवारी काढतो, पलीकडच्या गल्लीत.
'जरा' म्हणजे किती, हे त्या घरात
पिढ्यान् पिढ्या भांडणाचं कारण आहे.
मधल्यांच्या मापानं आवळलं
तर वळताना कडेला जाऊन जाम होणार.
कडेच्या मापानं सोडलं तर मधे हेच, टक.
"दोन्हीला एक माप ऱ्हायलं न्हाई आता, ताई."
बिडी पेटवली. पेटवून विझवली,
शेजारी डिझेलचा डबा होता.

नवा रॅक कोल्हापूरहून एसटीच्या पार्सलनं
दुपारी साडेतीनला आला.

बिरू जतकडचा, सतरा वर्षांचा असेल.
टायरॉडचं तोंड सोडवताना वेढे मोजत होता,
कन्नडमधून, ओठांतल्या ओठांत,
म्हणजे नव्यावर तितकेच बसवता येतात.
हदिनारु, हदिनेळु...
तेवढ्यात त्याच्या आईचा फोन.
मग त्यानं माझ्याकडं बघितलं.

सत्तावीस वर्षं नळ्यांवर नावं चिकटवलेली बाई मी,
एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर
कधी गेलं नाही माझ्या हातून.
म्हटलं, अठरा.
मी मोजत नव्हते.
मी ते दात बघत होते.

दिवेलागणीला निघाले.
आवाज नाही. इंडिकेटर ऐकू येतो,
डॅशबोर्डात कुठंतरी अडकलेलं नाणं ऐकू येतं.
गाडी मात्र डावीकडं जाते, किंचित.
एका वेढ्याएवढी.

विजयनगरच्या सरळ पट्ट्यावर लक्षात आलं,
तेवढंच नाही.
माझी मनगटंही जुनाच रॅक चालवतायत,
नसलेली ढिलाई आधीच भरून काढतायत,
थोडं उजवं, थोडं डावं,
आणि गाडी लगेच ऐकते.
इतक्या लगेच कुणी ऐकायची
मला सवय नाही.

एका मोकळ्या प्लॉटवर गाडी घातली,
स्टिअरिंग पार टोकापर्यंत फिरवलं,
आणि तसंच धरून गोल, दोनदा.
वॉचमन बघत होता.
मागं पोत्यातला जुना रॅक
या दारापासून त्या दारापर्यंत घरंगळला.

मग बिरूला फोन लावला. सतरा होते रे, म्हटलं.
तो म्हणाला, व्हय, मी सतराच मोजलेले.
मग बोलला का नाहीस?
तुमी अठरा म्हणलासा न्हवं, बाई.