वजनाचा अंदाज

पाच दिवसांचं प्रशिक्षण. सभागृहात पंखा एकच,
आणि तो मार्गदर्शक बाईंवर.
त्या म्हणाल्या, यापुढे शिक्षक शिकवणार नाही,
शिक्षक सुलभक असेल.
मागून भोसेकर सरांनी विचारलं,
"पगार सुलभकाचा की शिक्षकाचा?"
हसलो सगळे. मग चहा, हजेरीची सही,
आणि दोनशे चौदा पानांची पीडीएफ,
माझ्या फोनात अजून न उघडलेली.

गुलटेकडीच्या आमच्या शाळेत
पुस्तकं आली ऑगस्टात.
तिसरीचं गणित: तराजू तयार करा.
साहित्य: हँगर, दोरी, दोन करवंट्या.
निष्पत्ती: विद्यार्थी वजनाचा अंदाज बांधतो.
कालावधी पस्तीस मिनिटं.

बावीस वर्षं मी फळ्यावर लिहीत आले
एक किलो बरोबर हजार ग्रॅम,
आणि पोरांनी ते एका सुरात म्हटलं.
आता हँगर खिडकीच्या गजाला टांगला
तर मोहिनी खरात म्हणाली,
"बाई, दांडी मारतोय तुमचा काटा."
आणि तिनंच दोरी बोटभर सरकवली.
वडील मार्केट यार्डात हमाल,
आई कांदा निवडते गाळ्यावर.

खडूंचा खोका उचलून म्हणाली, "पाऊण."
मग कपाटातला हस्तपुस्तिकांचा गठ्ठा
दोन्ही हातांवर घेतला, डोळे मिटले,
"सहा. सुतळी धरून."
शिपाईमामा समोरच्या भुसार दुकानात घेऊन गेले.
सहा किलो वीस ग्रॅम.
वर्ग असा ओरडला की भोसेकर सर धावत आले,
"काय चाललंय?"
म्हटलं, "काही नाही. सुलभ करतेय."

हेही सांगायला हवं:
करवंट्या तिघांनीच आणल्या होत्या,
त्यातल्या एकीनं मार खाल्ला, नारळ उगाच फोडला म्हणून.
परिसर अभ्यासाचा तास बुडाला तो बुडालाच.
आणि अर्धा वर्ग अजून हजार ग्रॅमपाशीच अडखळतो.

रात्री भात लावून ॲप उघडलं.
कृतीचा फोटो जोडा.
फोटो काढायचा राहूनच गेला होता.
खाली मोहिनीच्या नावापुढे चार चौकोन.
लेखी चाचणीत तिला दहापैकी तीन,
पाऊण तिला लिहिता येत नाही,
उचलता येतं.
कुठल्या चौकोनात बोट ठेवू?
चाक फिरत राहिलं. मग नेट गेलं,
आणि मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

शनिवारी जुनी टाचणं बाहेर काढली,
बावीस वर्षांची, साहेबांच्या लाल सह्यांसकट,
रद्दीवाल्याला द्यायला.
फाटकाशी मोहिनी उभी.
"बाई, काट्याकडे नका बघू,
त्याच्या अंगठ्याकडे बघा."
रद्दीवाला हसला. अंगठा उचलला.
चौदा किलो.

मी त्यातली एक वही परत काढून घेतली.
का, ते मला नीट सांगता येणार नाही.
मोहिनी तोवर रस्त्याकडे बघत होती.
"आता पावणेचौदा," म्हणाली.