राणी रंगाचा मोह

वडशाच्या नाटक कंपनीला पडदा हवा मंगळवारी:
मोहाचं झाड, मागं बोडी.
साल आमच्याच बांधावरची, मोबाईलनं काढलेली.

फाईल उघडली तं झाड राणी रंगाचं,
मुळापासून शेंड्यापर्यंत.
प्रोग्राम म्हणतो, चित्र सापडत नाही.
सापडंल कसं?
ते टिकेशच्या पेनड्राइव्हात
अन् टिकेश धान घेऊन तुमसरला.

बाबा म्हणाले, राहू दे वं,
राक्षस आला का शोभते.

परत गेले बांधावर. दुसरा फोटो.
रात्री रेंडर लावला,
एकसष्ट टक्क्यांवर लाईन गेली.
पहाटे पुन्हा शून्यापासून.

आता पडदा टांगलाय. सगळे खूश.
मला मात्र दिसते
सालीवरची मुंगी,
फोटोत लक्षातही न आलेली,
हातभर लांब,
दर तीन फुटांवर तीच.