अडीच वर्षांचं कापड

प्रचारसभेत फुकट वाटलेलं चितेंगे,
दोन वार, आणि राष्ट्राध्यक्षांचा हसरा चेहरा
बरोब्बर नामुकोलोच्या पाठीवर येणारा.

अडीच वर्षं धुतेय ती.
आधी टायचा लाल गेला,
मग घोषणेतली दोन अक्षरं,
आता डावा डोळा.

मोंगूच्या धक्क्यावर ती सुके मासे मांडते.
गिऱ्हाईक विचारतं,
काय, कसा चाललाय तुझा माणूस?
ती माशी हाकलते.
दवाखान्यात नर्स आली, हे खरं.
तिला राहायला खोली नाही, आमच्याकडेच झोपते,
हेही खरं.
पुलाचे तीन खांब उभे राहिलेत,
चौथ्याच्या जागी बगळा.
मक्याच्या पिठाचं तर विचारूच नकोस.

मग फेकून का देत नाहीस हे?

ती पदराचं टोक बोटांत चुरगाळून बघते.
सूत बरं आहे, म्हणते,
रंगच कच्चा निघाला.

मतपेटी यायला अजून तेवढीच वर्षं.
धाकटा रडायला लागतो.
ती कापड सोडते, झटकते,
चेहरा आतल्या बाजूला घेऊन
पोराला पाठीशी बांधते
आणि गाठ
दोनदा ओढून बघते.