सुपारीएवढी

कणकवलीच्या डॉक्टरीणबाईंनी मूठ वळून दाखवली:
ही पिशवी लघवीची,
आणि तिच्या गळ्याशी ही ग्रंथी, अक्रोडाएवढी.
अक्रोड मी जन्मात फोडलेला नाही.
मग म्हणाल्या, सुपारी समजा. सोललेली. जरा मोठी.
सुपारी कळली.

बारा जागचे तुकडे काढले होते.
पाचांत निघालं.

तारामुंबरीच्या जाळ्यांच्या मांगरात
बातमी माझ्याआधी पोचलेली.
सुई हातात तशीच धरून बाबलो तांडेल म्हणाला,
"जास्त चालवलंस, म्हणान झिजला."
त्यावर हसन मजगावकर:
"उलट रे. इंजिन पडून रवला का गंजता.
वर काढून ठेवलेल्या लाँचीचा काय होता, बघतंस ना?"
दोघांनी माझ्यादेखत
माझ्या आयुष्याचे तास मोजले
डिझेलच्या हिशेबाने.
मी गाठी मारत राहिलो.
एक चुकली, उसवली, पुन्हा चुकली.

"कधी सुरू झालं? महिन्यातून किती वेळा?
विशीत, तिशीत, आता?
आणि घराबाहेर?"
बाईंचं वय माझ्या धाकटीएवढं.
त्यांची नजर कागदावर,
लाज सगळी माझ्याकडे.
बांगड्याच्या टोपल्या मोजल्या, बर्फाच्या लाद्या मोजल्या,
हे कोण मोजतं?
उत्तर दिलं शेवंतीने, बाजूच्या खुर्चीवरून:
"होडी वर घेतली की घरात. उतरली की नाय.
आमची तिन्ही पोरं फाल्गुन-चैत्रातली.
तुम्हीच मांडा हिशेब."
बाई पहिल्यांदा हसल्या.

'घराबाहेर'ची ओळ
कोरीच राहिली.

वेरावळ.
पंखा तुटून अकरा दिवस बंदरात अडकलेलो.
जिन्यावर हिरवा बल्ब, आत पंख्याचा आवाज,
तिचं नाव मी विचारलं नाही, तिनेही नाही.
मग महिनाभर लघवीला निखारा,
कंपाउंडरची तीन इंजेक्शनं,
आणि शेवंतीसाठी आणलेलं बांधणीचं पातळ
जे तिने एकदाच नेसलं.

मला वाटत होतं, बाईंनी म्हणावं: त्याचंच हे.
चाळीस वर्षांनी का होईना
बिल आलं, भरून टाकू.

त्या म्हणाल्या,
"काही अभ्यासांत दिसतं,
ज्यांचं जास्त वेळा होतं त्यांना धोका थोडा कमी.
काहींत तसं दिसत नाही.
जुन्या संसर्गाचा संशय आहे, पुरावा कच्चा.
एका माणसाकडे बोट दाखवून
हे ह्याच्यामुळे, असं मला सांगता येणार नाही.
वय मोजता येतं. रक्ताचं नातं मोजता येतं.
वडिलांना होतं का?"

वडील.
आई गेली तेव्हा बत्तीसचे.
गळ्यात माळ, मासे मारले पण चाखले नाहीत,
दुसरं लग्न नाही,
कुणाच्या दाराकडे मान वळवली नाही.
शेवटी शेवटी रात्र-रात्र उभे असायचे परसात,
एका हाताने माड धरून,
थेंबासाठी.
उन्हाळी लागली म्हणत आम्ही धन्याचं पाणी पाजलं.
तुकडे काढायला कोण होतं तेव्हा?
नाव न मिळता गेलं ते, त्यांच्याबरोबर.
असेल हेच. नसेलही.
पण कोरडे राहिलेले ते आणि वेरावळचा मी,
मला वाटतं,
एकाच सुपारीची दोन खांडं.

हे मी मांगरात सांगणार नाही.
बाबलो आणि हसन दोघेही हरतील,
आणि मग दुपारी बोलायचं कशावर?

एसटी स्टँडवर शेवंतीने पाण्याची बाटली काढली,
माझ्या हातात दिली, परत घेतली,
आणि सुटे पैसे आहेत का, ह्या आवाजात विचारलं,
"वेरावळचा सांगलात?"

माशी बसली होती बाटलीच्या बुचावर.
मी तिच्याकडे बघत म्हटलं, नाय.

"मगे फुडच्या खेपेक सांगा.
त्यांका लिवूचा लागता."

देवगड गाडी लागली.
मला आधी जायचं होतं.
"जावा," ती म्हणाली, "मी जागा धरतंय."

भिंतीसमोर उभा आहे.
येत नाही.
बाहेर गाडीचं इंजिन चालू,
ड्रायव्हरने दोनदा हॉर्न मारला,
आणि खिडकीतून तिचा आवाज, अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल असा:
"थांबा हो जरा.
माझो माणूस येताहा."