पाणी जुनं होईपर्यंत

काउंटरमागून दिवसभर मी सांगत असते:
जेवणानंतर एक, झोपताना अर्धी,
ही मात्र रिकाम्या पोटी नको.
रूसेच्या या कोपऱ्यावर
माझ्या शब्दावर माणसं गोळ्या गिळतात.

आणि घरी, सातव्या मजल्यावर,
तीस ग्रॅमचा एक गोल्डफिश
तळाच्या खड्यांवर कलंडून पडलाय,
पर अंगाशी मिटून,
बसथांब्यावर ओली छत्री आवळून उभ्या बाईसारखा.
शेपटीच्या पांढऱ्या झिरझिरीत लाल रेघा.
कल्ल्यांची उघडझाप इतकी भराभर
की मिनिटाचा आकडा दोनदा चुकला.

टाकी नवी, बारा दिवसांची.
मीच घासली होती, व्हिनेगरने, तीनदा.
खडे उकळले.
प्लास्टिकचा किल्लाही उकळला,
त्याचा एक बुरूज कायमचा वाकला.
कालोयान म्हणाला, आई, पाणी दिसतच नाहीये!
मला ते कौतुक वाटलं.

चाचणीची पट्टी बुडवली.
पिवळी राहायला हवी होती,
झाली हिरवी,
जुन्या इस्पितळाच्या भिंतीसारखी.
म्हणजे तो स्वतःच्याच श्वासात,
स्वतःच्याच घाणीत भाजत होता,
आणि ती घाण खाऊन टाकणारं
माझ्या त्या चकचकीत काचेत
कुणीसुद्धा नव्हतं.

बारा लिटरची बादली.
छत्तीस ग्रॅम साधं मीठ,
दुकानाच्या तराजूवर तोललेलं
(मालकिणीला न विचारता).
रात्रभर उघडं ठेवलेलं नळाचं पाणी,
बाळाच्या दुधासारखं मनगटावर बघून ओतलेलं.
चार दिवस खाणं बंद.
कालोयान फुगून बसला:
आजारी माणसांना तू सूप देतेस.
हा माणूस नाही रे.
म्हणून उपाशी ठेवायचं?
यावर माझ्याकडे चिठ्ठी नव्हती.

मग चौथ्या मजल्यावरचे देच्को वर आले,
बंदरात क्रेन चालवायचे ते,
डाव्या कानाने आता ऐकत नाहीत.
हातात दह्याची रिकामी बादली,
तिच्यात त्यांच्या वीस वर्षांच्या टाकीतला स्पंज,
तपकिरी, बुळबुळीत,
डॅन्यूबचा पूर ओसरल्यावर तळघराला येतो
तसला वास.
मी हातमोजे शोधू लागले.
त्यांनी विचारलं, दही कसं लावतेस?
दूध तापवते. कोमट होऊ देते.
आणि?
आणि कालचं चमचाभर...
काय? मोठ्याने बोल!
कालचं! चमचाभर!
हं, म्हणाले,
आणि तो स्पंज टाकीतल्या माझ्या पारदर्शक पाण्यात
दोन्ही हातांनी पिळला.

विरजण.
सगळी टाकी चहासारखी झाली.
मी खिडकीकडे तोंड फिरवलं;
खाली बर्फात कुणी तरी मोटार ढकलत होतं.

पाचव्या दिवशी पट्टी हिरवीच, जरा फिकी.
सातव्या रात्री तो बादलीत असा आडवा झाला
की मी खोकल्याच्या औषधाचं एक खोकं
मापाने निवडून ठेवलं,
आत कापूससुद्धा घातला.
सकाळी उठून बघते तर
सरळ होता, भिंतीकडे तोंड करून,
कुणाशी बोलायचं नाही अशा थाटात.

दहाव्या दिवशी त्याला टाकीत सोडलं.
त्याने एक खडा तोंडात घेतला,
चघळला,
थुंकला.
दुसरा घेतला.
कालोयान असा ओरडला
की देच्कोंनाही ऐकू गेलं म्हणतात.

शेपटीची उजवी कड गेली ती गेलीच.
वळताना तो थोडा खेचला जातो.
खोकं अजून फडताळात आहे,
कापूस तेवढा परत डब्यात ठेवला.

आज काचेवर, उजेडाच्या बाजूला,
काहीतरी हिरवट, धूसर धरलंय,
नखाने रेघ उमटेल इतपत.
फडकं घेऊन उभी राहिले.
पुष्कळ वेळ उभी होते.
मग त्या फडक्याने
टेबल पुसून घेतलं.