जमिनीला सांगायचं राहिलं

डंडीत चार वाजताच अंधारतं.
चिप्सच्या दुकानावरची खोली, तळणाचा वास,
आणि उसना लॅपटॉप. त्याचा पंखा असा घरघरतो
की खालून फ्रेझर विचारतो,
तागाची गिरणी पुन्हा सुरू केलीस का?

पहिल्या रात्री एक चौकोन केला. निळा.
गुरुत्वाकर्षण लावलं. एक टिचकी, बस्स.
आणि तो पडला
जमिनीतून आरपार, पडद्याच्याही खाली.
कोपऱ्यात आकडे धावत होते:
उणे चारशे, उणे नऊ हजार...
चहा करून आले तरी पडतच होता बिचारा.

जमीन मी काढली होती, हिरवीगार,
गवताच्या पात्यांसकट.
फक्त तू टणक आहेस
एवढं तिला सांगायचं राहिलं होतं.
आईचा फोन आला. म्हटलं, जेवले.

मग आठवडाभर नुसती उडी.
किती उंच, हवेत किती वेळ;
उतरताना जरा घाई हवी, नाहीतर फुगा वाटतो.
केअर होमच्या जिन्यात
शेवटच्या दोन पायऱ्या उडी मारून पाहिल्या.
मिसेस गिलख्रिस्ट काठी टेकून म्हणाल्या,
पुन्हा कर.

शनिवारी फ्रेझरचा धाकटा, रूअरी, खेळायला बसला.
तीन मिनिटांत डावीकडच्या भिंतीतून पलीकडे,
मी न केलेल्या काळोखात जाऊन उभा.
ओरडला, इथे काय आहे?

काही नाही रे, म्हणणार होते.
खिडकीत टे नदीवरचा पूल,
त्याचे दिवे अर्ध्यावर धुक्यात संपलेले.

थांब, म्हटलं.
पुढच्या शनिवारी ये.