चौदावी काच

मे महिन्यात मेडिकलच्या तळमजल्यावर
कूलरमधल्या खसाचा वास आणि फॉर्मॅलिनचा वास
वेगळे काढता येत नाहीत.
मी हातमोजे चढवते.

श्रावस्ती गजभिये, वय पंधरा, इंदोरा.
डावा अंडाशय, गाठीसकट. सव्वा किलो.

वस्तीत महिनाभर कुजबुज होती म्हणे,
पोट्टीचं पोट दिसून राह्यलं.
आईने ओपीडीत कॅलेंडरच आणलं होतं,
पाळीच्या तारखांना लाल गोल,
कुणी मागितलं नसताना.

चिरली तर आत केसांचा गुंता,
थिजलेल्या तुपासारखी चरबी
आणि एक दात,
पांढरा, कशालाही न लागलेला.
अशा गाठी आम्ही पुष्कळ पाहतो, निरुपद्रवी,
ऑफ तासाला वहीच्या मागच्या पानावर
शरीराने गिरवलेलं काहीबाही.

पण एका कोपऱ्यात बोटाला मऊ लागलं,
राखाडी, जास्त पिकल्या चिकूसारखं.
तिथून जादा तुकडे घेतले.
तेरा काचांवर काही नव्हतं.
चौदावीवर गडद निळ्या पेशी
फेर धरून,
मेंदू व्हायला निघालेल्या,
कुठे थांबायचं ते न कळलेल्या.

आमच्याकडे याला शब्द आहे: अपरिपक्व.
हा तिला शाळेतही कुणी लावला असेल.
मी खोडला. दुसरा सापडेना.
पुन्हा तोच लिहिला.

श्रेणी एक. आवरण शाबूत.
केमो बहुधा नाही. रक्त तपासत राहायचं,
दर महिन्याला, मग तीन महिन्यांनी, पुढे कित्येक वर्षं.
यातला 'बहुधा' मी आईसमोर
दोनदा गिळला, तिसऱ्यांदा म्हटला.

ती खिडकीच्या जाळीपाशी,
उन्हाचा दुपट्टा अजून तोंडाला बांधलेला.
"म्याडम, दात कोनाचा होता जी तो?"
तिचाच.
"म्हंजे आत दुसरं कोनी नव्हतं न?"
कोणी नव्हतं. केस तिचे, दातही तिचाच.
तिने दुपट्टा सोडला. चेहरा माझ्याच वयाचा निघाला.
"असं लिहून द्या न. मराठीत."

रिपोर्टात असं लिहायला रकाना नाही.
जुन्या फॉर्मच्या पाठीवर लिहिलं,
सही केली, शिक्काही मारला.
तिने घडी करून कॅलेंडरमध्ये ठेवला, मे महिन्यात.

संध्याकाळी वॉर्डात गेले.
श्रावस्तीने गाठीचं काही विचारलं नाही.
जुलैत खो-खोचं सिलेक्शन आहे म्हणाली,
पाटीवर उकिडवं बसता येईल का,
आणि खो मिळाला
की उठता?